स्क्रीनशॉट काढण्याआधी विचारा : तंजावर परिसरातल्या मराठी घरांना तातडीचं आवाहन

ओरत्तनाडु, पट्टुकोट्टै, तंजावर, कुंभकोणम इथल्या आणि इथून चेन्नई, पुणे, मुंबईला गेलेल्या सगळ्या मराठी घरांना हे आवाहन आहे. आज रात्री सगळे जेवायला एकत्र बसाल तेव्हा ते मोठ्याने वाचा. पोरांसमोर वाचा, आजी-आजोबांसमोरही वाचा.

व्हॉट्सअॅपवर तुम्ही कुणाला काही लिहिलंत आणि त्या माणसाने त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवला, तर तुम्हाला ते कळत नाही. निळ्या खुणांसारखी एखादी खूण उमटत असेल, नोटिफिकेशन येत असेल, असं पुष्कळांना वाटतं. तसं काहीही येत नाही. चोवीस तासांत, सात दिवसांत किंवा नव्वद दिवसांत आपोआप पुसला जाणारा मजकूरही पुसला जायच्या आधी कुणीही टिपून ठेवू शकतो. स्टेटसचंही तेच. एप्रिल २०१६ पासून व्हॉट्सअॅपवरचं बोलणं कुलूपबंद जातं, मधल्यामध्ये कुणी वाचू शकत नाही, हे खरं आहे. पण ते कुलूप वाटेवरचं आहे. बोलणं ज्याच्या हातात पोहोचतं त्याच्या हाताला ते कुलूप लागत नाही.

मुंबईत सप्टेंबर २०२० मध्ये अमली पदार्थांच्या एका तपासाच्या वेळी अभिनेत्रींचे काही वर्षांपूर्वीचे व्हॉट्सअॅप संवाद वृत्तवाहिन्यांवर दिवसदिवस झळकत होते. तेव्हा आपलं एन्क्रिप्शन, म्हणजे हेच वाटेवरचं कुलूप, शाबूत आहे असा खुलासा कंपनीला करावा लागला. आणि ते शाबूतच होतं. संवाद फोनमध्ये साठले होते, तिथून बाहेर आले. प्रसिद्ध बायकांचं झालं म्हणून देशभर गाजलं. आपल्या घरांत असं होतं तेव्हा त्याची बातमी होत नाही, पण ज्या मुलीचं बोलणं बाहेर गेलं तिला त्या रात्री झोप लागत नाही.

आपल्यासाठी हा धोका जास्त आहे, आणि त्याचं कारण साधं आहे. तंजावरात मराठी राज्य आणणारे एकोजीराजे भोसले इथे आले त्याला साडेतीनशे वर्षं होत आली. इतकी वर्षं तमिळ मुलखात मराठी घरात बोलत आपण टिकलो ते एकमेकांना धरून राहिल्यामुळे. सोयरिकी ओळखीत जुळतात, नोकरीचा शब्द ओळखीत टाकला जातो, कुणाच्या घरी काय चाललंय ते चार दिवसांत सगळ्यांना ठाऊक होतं. मोठ्या शहरात एखादा स्क्रीनशॉट गर्दीत हरवून जाईल. आपल्यात तो हरवत नाही. समजा, स्थळ ठरत असताना एखाद्या मुलीने मुलाला मोकळेपणाने लिहिलं की मला लग्नानंतरही शिकायचंय, किंवा मला पूर्वी एक आजार होता. विश्वासाने लिहिलं. मुलाने ते आईला दाखवायला म्हणून टिपलं, आईने बहिणीला पाठवलं, बहिणीने ‘फक्त घरच्यांच्या’ ग्रुपवर टाकलं. स्थळ मोडलं तर पुढच्या प्रत्येक घरात तो मजकूर मुलीच्या आधी पोहोचलेला असतो. या साखळीत कुणाच्याच मनात वाईट नसेल, हे मला मान्य आहे. म्हणूनच ही सवय मोडणं अवघड आहे.

अॅप बदला म्हणजे झालं, असा सल्ला तरुण मुलं देतात. त्यांनी नीट ऐकावं. स्नॅपचॅट स्क्रीनशॉट काढल्याचं कळवतं. पण ही सूचना चुकवता येते, तरीही ग्राहकांना खोटी हमी दिली, असा ठपका अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०१४ मध्येच त्या कंपनीवर ठेवला होता. इन्स्टाग्राम फक्त नाहीशा होणाऱ्या फोटोंबद्दल आणि नाहीशा होणाऱ्या गप्पांबद्दल कळवतं, साध्या गप्पांबद्दल नाही. व्हॉट्सअॅपने ऑगस्ट २०२१ मध्ये ‘एकदाच पाहा’ची सोय आणली आणि वर्षभराने अशा फोटोंचा स्क्रीनशॉट बंद करत असल्याचं जाहीर केलं. पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये संशोधकांनी त्या सोयीतली पळवाट उघड केली. एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या ‘अॅडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी’मुळे संपूर्ण संवाद एकत्र काढून नेणं थांबतं, स्क्रीनशॉट थांबत नाही. आणि हे सगळे अडथळे उद्या पक्के झाले, तरी दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्याने समोरच्या पडद्याचा फोटो काढायला कितीसा वेळ लागतो?

मग सगळ्याच अॅपनी स्क्रीनशॉटची सूचना द्यावी अशी मागणी करायची का? माझं मत स्पष्ट आहे : नाही. तंत्र अवघड नाही. स्क्रीनशॉट काढला की आयफोन तसं अॅपला सांगतो, आणि २०२३ च्या अँड्रॉइड १४ पासून तिथेही ते कळू शकतं. पण नवऱ्याच्या धमक्या सोसणारी बाई, पाठलाग करणाऱ्याचे मेसेज झेलणारी मुलगी, सावकाराच्या शिव्या खाणारा शेतकरी, यांच्या हातात पुष्कळदा स्क्रीनशॉट हा एवढाच पुरावा असतो. तो काढताक्षणी धमकी देणाऱ्याच्या फोनवर घंटी वाजली तर काय होईल, याचा विचार करा. त्या बाईचा स्क्रीनशॉट मला हवा आहे. तो काढायला तिने कुणाची परवानगी मागू नये. मला थांबवायचा आहे तो दुसरा, विश्वासाने सांगितलेलं चारचौघांत नेणारा. एक स्वतःच्या बचावासाठी असतो आणि पोलिसांकडे किंवा वकिलाकडे जातो, दुसरा करमणुकीसाठी असतो आणि ग्रुपवर जातो. हा फरक यंत्राला कळत नाही, तुम्हाला कळतो.

बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर तंजावरच्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरून घेतला. जगाने वाचावा म्हणूनच तो दगडात उतरवला. ज्याला जे सर्वांना सांगायचं असतं ते तो सर्वांसमोर मांडतो. पुतणीने रात्री अकरा वाजता काकूला लिहिलेल्या चार ओळी भिंतीवर लावायला लिहिलेल्या नसतात. त्या लावायच्या की नाही हे ठरवायचा हक्क पुतणीचा आहे. तेव्हा विचारा. ‘तुझा हा मेसेज मी ताईला दाखवू का?’ एवढंच विचारायचं आहे. ‘नको’ म्हणाली तर तिथेच थांबा. आणि दुसऱ्याच्या बोलण्याचा स्क्रीनशॉट तुमच्याकडे आला तर पाठवणाऱ्याला सांगा की मी हा पुढे पाठवणार नाही, तूही पाठवू नकोस. नुसतं गप्प बसून पुरणार नाही, कारण गप्प बसणाऱ्याला पुढचाही स्क्रीनशॉट येतो. ग्रुप चालवणाऱ्यांना एक वेगळी विनंती. सभासदाने टाकलेल्या मजकुरासाठी केवळ अॅडमिन आहे म्हणून अॅडमिनला गुन्हेगार धरता येत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये दिला आहे. कायद्याने सुटलात, पण असा स्क्रीनशॉट दिसताच तो ग्रुपवरून काढून टाकण्याचा अधिकार तुमच्याकडे आहे, तो वापरा.

हे सगळं मी कायद्याच्या धाकाने सांगत नाही, कारण इथे कायदा अर्ध्या वाटेवर थांबतो. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितलं. पण डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा २०२३ चा कायदा माणसाच्या वैयक्तिक किंवा घरगुती वापराला लागूच होत नाही. मावशीने भाचीचं बोलणं घरच्या ग्रुपवर टाकलं तर त्या कायद्याखाली दाद मागता येणार नाही. तिथे फक्त आपली माणसं आणि आपली रीतच काय ती उपयोगी पडेल.

आता फोन हातात घ्या आणि आणखी एक काम लगेच करा. फोन लॉक असतानाही पडद्यावर मेसेजचा मजकूर दिसतो का ते पाहा. दिसत असेल तर सेटिंगमध्ये नोटिफिकेशन उघडा आणि लॉक स्क्रीनवर मजकूर दिसणार नाही असं करा. घरात एकच चार्जर असतो, फोन ओट्यावर पडलेला असतो, येणारा-जाणारा पाहतो. स्क्रीनशॉटसुद्धा काढावा लागत नाही, नुसती नजर पुरते. बँकेचा ओटीपी तिथेच दिसतो, डॉक्टरांचा निरोपही तिथेच. अँड्रॉइडमध्ये ‘नोटिफिकेशन हिस्टरी’ नावाची सोय आहे. ती सुरू असेल तर पाठवणाऱ्याने ‘सर्वांसाठी पुसलेला’ मेसेजही तिथे वाचायला मिळू शकतो. तेव्हा पुसलं म्हणजे गेलं, असं धरून चालू नका. वडीलधाऱ्यांनी आणखी एक जपावं : फोनवरून कुणी बँकेचा किंवा पोलीस अधिकारी असल्याचं सांगून व्हिडिओ कॉलवर ‘स्क्रीन शेअर करा’ म्हणाला, तर लगेच फोन ठेवा. तुमच्या पडद्यावर येणारी प्रत्येक सूचना त्याला दिसत असते.

इथून पुढचं मुलींच्या आईवडिलांसाठी आहे, आणि त्याहून जास्त मुलांच्या आईवडिलांसाठी.

खासगी फोटो किंवा व्हिडिओ असेल तर कायदा थांबत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ स्वच्छ सांगतं की बाईने स्वतःचं खासगी चित्र काढू दिलं असलं, पण दुसऱ्यांना दाखवायला संमती दिली नसली, तर ते पसरवणं गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला एक ते तीन वर्षं कैद, पुन्हा केला तर तीन ते सात वर्षं. ‘तिनेच पाठवला होता’ हा बचाव तिथे चालत नाही. हे वाक्य आपल्या मुलाला तोंडपाठ असू द्या. अठरा वर्षांखालच्या मुलामुलीचं तसं चित्र असेल तर ते फोनमध्ये बाळगणंही गुन्हा ठरू शकतं. मद्रास उच्च न्यायालयाने वेगळा निकाल दिला होता, तो सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ रोजी फिरवला. म्हणून अशा वेळी पुरावा म्हणूनसुद्धा प्रती काढू नका, कुणाला पाठवू नका. आहे त्या फोनसह सरळ पोलिसांकडे जा.

एकदा बाहेर गेलेलं परत आणणं किती कठीण आहे, हे आपल्याच राज्यात दिसलं. जुलै २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने एका महिला वकिलाच्या अर्जावर तिचं खासगी चित्रण ४८ तासांत इंटरनेटवरून हटवण्याचा आदेश केंद्र सरकारला दिला. पुढच्या सुनावणीच्या वेळीही ते काही संकेतस्थळांवर सापडतच होतं. कायदा जाणणाऱ्या बाईची ही गत, तर वसतिगृहातल्या एकोणीस वर्षांच्या मुलीने एकटीने काय करावं?

ती तुमच्याकडे आली तर पहिला प्रश्न ‘तू पाठवलासच का?’ हा विचारू नका. ओरत्तनाडुला सरफोजीराजांनी आपली सहचरी मुक्तांबाळ हिच्या नावाने छत्र, म्हणजे वाटसरूंसाठी धर्मशाळा, उभारलं, त्याच काळातली ही गोष्ट. आपल्या छत्रांमध्ये येणाऱ्या आजारी वाटसरूंची, गरोदर बायांची, पोरक्या मुलांची कशी काळजी घेतली जाते, हे त्यांनी १८०१ मध्ये इंग्रज रेसिडेंटला पत्रातून कळवलं होतं. आलेल्या माणसाला आधी अन्न, औषध आणि निवारा मिळायचा. आपल्या घरी आपल्या लेकीला एवढं तरी मिळावं.

मग पुढचं. धमकी देणाऱ्याला पैसे देऊ नका, तो पुन्हा मागतो. त्याचे मेसेज पुसू नका, फोन विकू किंवा बदलू नका. जालना मतदारसंघाच्या निवडणुकीवरून गाजलेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ठरवून दिलं की इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीबरोबर प्रमाणपत्र लागतं, मूळ उपकरणच हजर केलं तर लागत नाही. म्हणून तो फोन जपा. तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर करा. बायका-मुलांविषयीच्या गुन्ह्याची तक्रार तिथे नाव न सांगताही करता येते. पैसे गेले असतील तर तत्काळ १९३० ला फोन लावा. बायकांसाठी १८१, मुलांसाठी १०९८. मुलगी अठरा वर्षांवरची असेल तर स्टॉपएनसीआयआय डॉट ऑर्ग इथे चित्राचा अंकी ठसा देता येतो. चित्र तुमच्याच फोनमध्ये राहतं, फक्त ठसा जातो आणि त्यात सामील असलेली समाजमाध्यमं त्यावरून ते चित्र अडवतात.

मुलगी ओरत्तनाडुत आणि त्रास देणारा पुण्यात, असं असलं तरी तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तशी तरतूद आहे. ‘हे आमच्या हद्दीत नाही’ असं उत्तर मिळालं तर हे कलम दाखवा. तरीही नोंद नाकारली, तर तीच तक्रार लेखी स्वरूपात टपालाने जिल्हा पोलीस अधीक्षकांना पाठवा आणि पोच जपून ठेवा. ठाण्यात मुलीला एकटीला पाठवू नका. आई, आत्या, मोठा भाऊ, ज्याच्याशी ती मोकळेपणाने बोलते ते माणूस बरोबर जाऊ द्या, आणि तमिळ लिहिता येणारं एक माणूस सोबत असू द्या.