व्हिनी गद्दार आहे का?

दिवाळीच्या सुट्टीत मामाकडे जुन्या डीव्हीडींचा एक संच हाती लागला. 'वाइजगाय' नावाची अमेरिकन मालिका, सीबीएस वाहिनीवर १९८७ ते १९९० या काळात दाखवलेली. परत आल्यावर डॉर्ममधल्या मराठी मंडळींना गोष्ट सांगितली, तर निम्म्यांनी तिथल्या तिथे निकाल दिला, "व्हिनी गद्दार!" मला तो निकाल मान्य नाही.

व्हिनी टेरानोव्हा हा संघटित गुन्हेगारीविरुद्ध काम करणाऱ्या सरकारी खात्याचा माणूस. खोटी ओळख पक्की व्हावी म्हणून तो आधी दीड वर्ष न्यूअर्कच्या तुरुंगात काढतो. पोरगा वाया गेला असं आईला वाटतं. खरं काय ते पाद्री असलेल्या भावाला ठाऊक असतं, पण तो बोलू शकत नाही. मारामाऱ्या, गाड्या, पिस्तुलं सगळं आहे. मला मात्र ती आईच जास्त लक्षात राहिली. आपल्या आया पासिंग आउट परेडला पुढच्या रांगेत बसतात. व्हिनीच्या आईने कुठे बसायचं?

मग तो अटलांटिक सिटीत सॉनी स्टीलग्रेव्हच्या टोळीत शिरतो. सॉनी गुन्हेगार आहे, माणसं मारणारा आहे. पण व्हिनीवर तो सख्ख्या भावासारखा जीव लावतो, आणि पंचाईत अशी की व्हिनीलाही तो आवडू लागतो. शेवटी दोघं एका जुन्या थिएटरात अडकतात, दमेपर्यंत मारामारी करतात आणि मग नुसते बसून बोलतात. सॉनीला सगळं कळलेलं असतं. तो पकडला जात नाही, विजेचा झटका घेऊन स्वतःला संपवतो. व्हिनीची मोहीम फत्ते होते, पण त्याच्या चेहऱ्यावर जिंकल्याची खूण नसते.

हे काही केवळ लेखकाच्या डोक्यातलं नव्हे. एफबीआयचा जो पिस्टोन १९७६ ते १९८१ हिरेचोर 'डॉनी ब्रास्को' बनून न्यूयॉर्कच्या बोनानो टोळीत राहिला. त्याच्या कामामुळे शंभराहून अधिक जणांवर गुन्हे शाबीत झाले. आणि ज्याने त्याला जवळ केलं होतं, त्या डॉमिनिक नेपोलिटानोला टोळीने त्याच वर्षी ठार केलं.

कॅडेट खोटं बोलत नाही, हे आपल्याला पहिल्या दिवसापासून शिकवतात. व्हिनीची तर खोटं बोलणं हीच ड्यूटी. तरी मी त्याला गद्दार म्हणत नाही, कारण त्याच्यापुढे दुसरा रस्ता नव्हता. सॉनीला बाजूला घेऊन "हे थांबव, नाहीतर मी सांगेन" असं तो म्हणाला असता, तर दुसऱ्या दिवशी जिवंत राहिला नसता.

मी जिवंत राहिलो असतो. गेल्या टर्मला माझा एक मित्र रात्री लाइट्स आउटनंतर ज्युनिअर्सना रगडा द्यायचा. एकाचा गुडघा सुजला, तर त्याने एमआय रूममध्ये "जिन्यावरून पडलो" असं सांगितलं. मी हाउसमास्टरांकडे गेलो. मित्राची अपॉइंटमेंट गेली. काहींनी मला 'चुगलखोर' म्हटलं, त्याचं मला फारसं वाटलं नाही. सांगितलं ते योग्यच होतं, आजही तसंच करीन.

पण त्याच संध्याकाळी मेसमध्ये त्याने स्वतःच्या ताटातली खीर मला दिली होती. मी ती खाल्ली, त्याच्याशी क्रिकेटवर गप्पा मारल्या आणि तिथून उठून थेट हाउसमास्टरांच्या खोलीत गेलो. आधी त्याच्या तोंडावर बोलायला मला कोणी अडवलं नव्हतं. घाबरलो, एवढंच. डॉर्ममध्ये व्हिनीची बाजू घेऊन मी तावातावाने भांडत होतो, तेव्हा तो समोरच्या कॉटवर बूट पॉलिश करत बसला होता. एक शब्द बोलला नाही.

मासिक आलं की तो हेच पान आधी उघडतो.