रेल्वेचा नकाशा कोणी काढला?

पांढरकवड्याला रेल्वे का नाही? ठरलेलं उत्तर येतं, "परवडत नाही हो!" मंडळी, हे उत्तर आता पुरे झालं.

थोडा इतिहास बघू. 1853 साली बोरीबंदर-ठाणे गाडी धावली आणि 1867 मध्ये रूळ नागपूरला पोचले. साहेबाचं वऱ्हाडवर प्रेम होतं म्हणून? छे! त्याला कापूस हवा होता. यवतमाळ-मूर्तिजापूर 'शकुंतला'ही कापसासाठीच, आणि आता तीही बंद. वणीच्या रुळांवर कोळशाचा राबता आहेच. म्हणजे नकाशा मालाचा, माणसं आपली लटकलेली. आमच्या भाषेत, रिक्वायरमेंट साहेबाची. आपण फक्त नवं व्हर्जन काढतोय.

बरं, कोकणात कुठला कापूस होता? तरी 1990 मध्ये महामंडळ स्थापन झालं आणि 1998 मध्ये डोंगर फोडून गाडी मंगळूरपर्यंत गेली. इच्छा होती, म्हणून पैसाही उभा राहिला. आमच्याकडे वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्ग 2008-09 मध्ये मंजूर झाला. 2024 मध्ये गाडी पोचली कळंबला! तोही मार्ग पांढरकवड्याला लांबूनच टाटा करणार.

"हायवे आहे की!" असं म्हणणाऱ्यांनी एकदा कॅन्सरच्या पेशंटला घेऊन बसने नागपूर गाठून दाखवावं.

तेव्हा पुढच्या सर्व्हेत गाठी आणि टनांबरोबर माणसंही मोजा. मग बघू काय परवडतं ते!