आधी व्हीसीआर बघा, मग ती डबी

माळ्यावर लग्नाच्या, मुंजीच्या, बारशाच्या कॅसेट पडून असतील, तर त्या संगणकावर घ्यायचं काम आता लांबणीवर टाकू नका. व्हीसीआर बनवणाऱ्यांत शेवटपर्यंत तग धरून राहिलेल्या जपानच्या फुनाई कंपनीनेही जुलै 2016 मध्ये त्याचं उत्पादन बंद केलं. आज मिळेल ते यंत्र जुनंच मिळणार, आणि ते दुरुस्त करणारा कारागीर त्याहून मुश्किलीने.

बहुतेक लोक आधी ऑनलाइन व्हीसीआरचं चित्र संगणकात घेणारी एक स्वस्त यूएसबी डबी मागवतात आणि मग व्हीसीआर शोधायला निघतात. हे उलटं आहे. चित्र चांगलं येणार की त्यात मुंग्या येणार, हे बरंचसं व्हीसीआरच ठरवतो. हेड झिजलं असेल, रबरी रोलर कडक झाला असेल, तर पुढे कितीही भारी उपकरण लावा, काही उपयोग नाही. म्हणून पैसे आणि वेळ आधी तिथे घाला. नातेवाइकांकडे विचारा, पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात बघा, पण लावून दाखवल्याशिवाय घेऊ नका. बरोबर एखादी टाकाऊ सिनेमाची कॅसेट न्या, घरची मुळीच नको. थोडा वेळ चालवा, पुढे-मागे पळवा, मग बाहेर काढून झाकण उचला आणि फितीच्या कडा बघा. कडेला चुण्या पडल्या असतील तर ते यंत्र फीत खातं. तिथेच सोडून या.

घरच्या कॅसेटही लावण्याआधी उजेडात धरा. कॅसेटच्या खिडकीतून गुंडाळीवर पांढरी भुकटी किंवा जाळी दिसली तर ती बुरशी. कोकण, गोवा, मुंबईच्या दमट हवेत ती हमखास धरते. अशी एक कॅसेट लावली की घाण हेडला चिकटते आणि पुढच्या कॅसेटलाही लागते. ती बाजूला ठेवा, जाणकाराकडेच द्या. लेबल लावायच्या कडेला प्लास्टिकची छोटी पट्टी असते, ती अजून शाबूत असेल तर मोडून टाका. मग चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी काही पुसलं जाणार नाही. आणि हो, लग्नाची कॅसेट बऱ्याचदा दोन्ही घरी दिलेली असते. व्याह्यांकडची मागवून बघा, एक मूळ आणि दुसरी तिची नक्कल असू शकते.

आता डबी. आपल्याकडच्या कॅसेट पाल पद्धतीच्या, तेव्हा 720 बाय 576 आकारात, सेकंदाला 25 फ्रेम घेणारं उपकरण हवं. हॉपॉगची यूएसबी-लाइव्ह 2 आणि आय-ओ डेटाची जीव्ही-यूएसबी 2 ही या कामातली ओळखीची नावं. त्या अगदी स्वस्त डब्या बाहेरून सारख्या दिसतात, आत चिप मात्र वेगवेगळ्या निघतात. चाललीच तर चालते, नाहीतर आवाज ओठांच्या मागे पडत जातो. पिवळ्या पिनचं चित्र एचडीएमआय करून देणारे खोके घेऊ नका. ते चौकोनी चित्र ताणून सगळ्यांना जाडं करतात. अमेरिकेहून आलेली कॅसेट बहुधा एनटीएससी असते. तिला ती पद्धत चालवणारा व्हीसीआर लागेल आणि आकार 720 बाय 480 ठेवावा लागेल.

मांडवाचा सरळ खांब पडद्यावर नागमोडी दिसत असेल, तर दोष प्रत्येक ओळीच्या वेळेत आहे. त्यावर एक जुनी युक्ती आहे. पॅनासॉनिकचा डीएमआर-ईएस10 किंवा ईएस15 हा डीव्हीडी रेकॉर्डर मिळाला, तर व्हीसीआरची वायर त्यात घाला आणि त्यातून निघणारी डबीला जोडा. रेकॉर्ड काहीच करायचं नाही, नुसतं चित्र त्यातून जाऊ द्यायचं. खांब बराच सरळ होतो.

मिनीडीव्ही कॅसेटची गोष्ट वेगळी. तिच्यावरचं चित्र आधीच डिजिटल आहे; ते पिवळ्या पिनेतून काढलं तर दर्जा विनाकारण घसरतो. त्यासाठी चालू कॅमेरा आणि फायरवायरचं पोर्ट असलेला जुना संगणक शोधा. तासाला सुमारे 13 जीबी जागा लागेल. दोन हार्ड डिस्क घ्या, त्यातली एक दुसऱ्या घरी ठेवा.

कॅसेट चार-पाचच असतील तर हा सगळा खटाटोप करू नका, दुकानात द्या. फक्त देण्याआधी विचारा: फाइल मूळ आकारात देणार ना, आणि कॅसेट परत मिळणार ना? ‘आम्ही फक्त डीव्हीडी करून देतो’ असं उत्तर आलं, तर दुसरं दुकान बघा.