वळीव, वीज आणि विहिरीचा रहाट

चैत्र सरून वैशाखाचा अंमल सुरू झाला, की कोकणातील प्रत्येक घर आपला अर्धा संसार अंगणात मांडते. आंब्याची साठे, फणसपोळी, आमसुले, सांडगे, पापड आणि पावसाळ्याची बेगमी म्हणून फोडलेला लाकूडफाटा हे सारे उन्हाच्या हवाली केलेले असते, आणि अशाच एखाद्या तिसऱ्या प्रहरी सह्याद्रीच्या अंगाने काळे ढग उठून वळीव दारात उभा राहतो. पावसाआधी वारा येतो, ह्याचे कारण निसर्गक्रमातच आहे : तापलेल्या भूमीवरून वर चढलेली बाष्पयुक्त हवा उंचावर थंडावते, मेघातून कोसळणाऱ्या धारांबरोबर गार झालेली हवा वेगाने खाली लोटली जाते आणि जमिनीवर आदळून चारी दिशांस पसरते. पहिल्या गार झोतापासून पहिल्या टपोऱ्या थेंबापर्यंत जी सवड मिळते, तेवढीच घराच्या हाती असते.

त्या सवडीत आई पडवीतून ‘‘साठं आधी घ्या गो, साठं आधी!’’ एवढेच ओरडते. वहिनी ताटांवर ताटे रचून माजघरात नेते, मुले पापडांच्या चटया गुंडाळतात, गुरे गोठ्यात जातात, खिडक्यांना अडसर लागतात, आणि परसातल्या रायवळ आंब्याची फांदी कडाडून कौलांवर येते, त्याच सुमारास लाइट जाते. इथवरचे सारे पिढ्यान्‌पिढ्या अंगवळणी पडलेले आहे. फुटलेली कौले बदलता येतात, भिजलेले पापड पुन्हा घालता येतात, आणि कंदिलाच्या उजेडात रात्र काढणे कोकणातल्या माणसाला मुळीच कठीण वाटत नाही.

कठीण होते ते पाण्यावाचून. विहिरीवर विजेचा पंप बसला, तेव्हा रहाट उतरला, दोर व पोहरा माळ्यावर गेला, आणि पुढे नळयोजना आली, तेव्हा सार्वजनिक विहिरीचा कठडाही दुर्लक्षाने ढासळला. ह्या सोयींनी बायकांच्या डोक्यावरचा हंडा उतरवला, हे मोठे उपकारच मानले पाहिजेत. परंतु वीज गेली की घराचे पाणीही जाईल अशी आपल्या जीविताची रचना त्यांनी नकळत करून ठेवली. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाने श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आले, आणि रायगड जिल्ह्यात तसेच दापोली-मंडणगडच्या वाड्यांत माड, पोफळी व हापूसची झाडे जशी उन्मळून पडली, तसेच विजेचे खांबही हजारोंनी पडले. कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. विहिरीच्या तळाशी पाणी दिसत असूनही ते घरात येईना, म्हणून लोकांनी भाड्याच्या जनित्रांवर टाक्या भरून घेतल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात ‘तौक्ते’ चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेले.

विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ५७ अन्वये वीजपुरवठ्याची मानके ठरतात आणि त्यांत कसूर झाल्यास ग्राहकास भरपाई मिळण्याची तरतूद आहे. मात्र वादळ, महापूर अशा आपत्तींत त्या मानकांपासून वीज कंपन्यांना सूट मिळते. ‘निसर्ग’सारख्या संकटात ती सूट रास्त आहे. परंतु दर वैशाखात न चुकता येणारा वळीव हा आकस्मिक मानणे मला मान्य नाही. एक ओली फांदी तारेवर टेकली, की ११ केव्हीची आख्खी वाहिनी बंद पडते आणि तिच्यावरची सारी गावे अंधारात जातात. मग भर पावसात, काळोखात, खांबामागून खांब तपासत दोष शोधणारा वायरमन आपला जीव धोक्यात घालतो. त्याच्याविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे, आणि म्हणूनच मला वाटते की फाल्गुन-चैत्रातच तारांलगतच्या फांद्या छाटण्याची तजवीज झाली, तर त्याचा तो धोका कितीतरी कमी होईल. ज्यांच्या परड्यातली ती झाडे आहेत, त्या आम्हां बागायतदारांनीही अशा छाटणीस हरकत घेऊ नये. आंब्याच्या एका फांदीचे मोल रात्री जागणाऱ्या सबंध वाडीहून अधिक नाही. किनाऱ्यावरील गावांत वाहिन्या जमिनीखालून नेल्या पाहिजेत हेही खरे, पण ते काम खर्चाचे आणि दीर्घ मुदतीचे आहे. रहाटाचे तसे नाही. एक लाकडी चाक, दोन खांब, बळकट दोर आणि दुरुस्त केलेला कठडा, एवढ्याने वाडीची तहान भागते, आणि ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकाला हा खर्च मुळीच पेलण्यापलीकडचा नाही.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत प्रत्येक वाडीने हा विषय सरपंचांपुढे मांडावा, निदान एका सार्वजनिक विहिरीवर विजेवाचून पाणी काढण्याची सोय करण्याचा ठराव दप्तरी लिहून घ्यावा, आणि वळीव येण्यापूर्वी त्या रहाटाने पाणी काढून पाहावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.