साहेब गेल्यानंतरचे गाव

पनवेलजवळ रोडपालीला नवी मुंबई पोलिसांचे मुख्यालय आहे. अशा कुठल्याही मुख्यालयात महिनाअखेर ही निरोपाची वेळ. हवालदार अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतो, भारतीय पोलीस सेवेतला साहेब साठाव्या. शाल, श्रीफळ आणि भाषणे मात्र दोघांना सारखीच. त्याला आमची हरकत नाही. ज्याच्या घरी गणपती आणि दिवाळी वर्षानुवर्षे बंदोबस्तातच गेली, त्याचा सत्कार व्हायलाच हवा. (खरे तर पहिली शाल त्याच्या पत्नीला द्यावी.) प्रश्न एवढाच, की साहेबांनी मागे काय ठेवले?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला भिवंडीला जावे लागते. यंत्रमागांचे हे गाव १९७० आणि १९८४ मध्ये दंगलींत होरपळले. १९८८ मध्ये सुरेश खोपडे तेथे पोलीस उपायुक्त म्हणून आले. शांतता समित्या तेव्हाही होत्या. पण वातावरण तापले की चार पुढाऱ्यांना चहाला बोलावायचे, एवढाच त्यांचा उपयोग. खोपडे यांनी समित्या मोहल्ल्यात नेल्या. दोन्ही समाजांतली साधी माणसे आणि त्या भागाचे पोलीस नियमाने एकत्र बसू लागले, गावात सारे शांत असतानासुद्धा. शेजाऱ्यांची भांडणे तिथेच मिटू लागली. ज्या हवालदाराने आपला तंटा सोडवला, त्याच्यावर दगड उचलताना हात अडखळतोच.

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत सुमारे ९०० माणसे मारली गेली. भिवंडी शांत राहिली. आणि गंमत अशी, की तेव्हा खोपडे तेथे नव्हतेच! त्यांच्या जागी गुलाबराव पोळ आले होते आणि त्यांनी आधीच्या अधिकाऱ्याचे काम मोडीत न काढता पुढे चालवले. नवा साहेब आला की जुन्याची फाईल कपाटात जाते, ही आपल्याकडची रीत पाहता हे श्रेय लहान नाही.

मुंबईने हा धडा उशिरा गिरवला. ज्युलिओ रिबेरो १९८२ ते १९८५ मुंबईचे पोलीस आयुक्त होते, १९८६ मध्ये पंजाबचे महासंचालक झाले, पुढे रुमानियात राजदूत. तेथेही १९९१ मध्ये त्यांच्यावर प्राणघातक हल्ला झाला. परतल्यावर घरी निवांत बसले असते, तर कोणी बोट ठेवले नसते. पण दंगलीनंतर सुशोभा बर्वे आणि तेव्हाचे आयुक्त सतीश साहनी यांच्याबरोबर ते मोहल्ला समित्यांच्या कामाला लागले. वस्त्यांतली पोरे आणि पोलीस यांचे क्रिकेटचे सामनेही त्यातूनच सुरू झाले. हाती अधिकार नाही, दारात लाल दिव्याची गाडी नाही, तरी लोक बोलावल्यावर येत होते. निवृत्त अधिकाऱ्याला याहून मोठे प्रशस्तिपत्रक कोण देणार?

अर्थात हे काम एकदा केले आणि निभावले, असे नसते. जुलै २००६ मध्ये त्याच भिवंडीत पोलीस ठाण्याच्या जागेवरून वाद पेटला. पोलीस गोळीबारात दोघे गेले, जमावाने दोन पोलिसांना ठार मारले.

म्हणून एक सूचना. निरोपाच्या मंचावर पुढाऱ्यांच्या दोन खुर्च्या कमी करून वस्त्यांतली चार माणसे बसवावीत आणि जाणाऱ्या साहेबांनी येणाऱ्या साहेबांशी त्यांची नावानिशी ओळख करून द्यावी. कार्यक्रम दहा मिनिटे लांबेल, चहा थोडा निवेल.