गोवर्धनचा पत्ता

शनिवारी दुपार कलली की नाशिकच्या गंगापूर रोडवर गाड्यांची रांग लागते. अशोकस्तंभाकडून येणारी ही रांग जेहान सर्कल, आनंदवली, सोमेश्वर मागे टाकत धरणाच्या बॅकवॉटरकडे आणि द्राक्षमळ्यांकडे सरकत राहते. वाटेत गंगापूर गाव लागते आणि त्याला लागून गोवर्धन. गोवर्धनला मुद्दाम उतरणारे फारसे कुणी नसते.

या गोवर्धनचे नाव सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी दगडात कोरले गेले आहे, तेही एखाद्या ठेवपावतीसारख्या मजकुरात. पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्याच्या ओसरीत क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने त्या काळच्या चलनातले तीन हजार कार्षापण कायमची ठेव म्हणून दिले आणि ते गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, गुंतवले. दोन हजार दरमहा शेकडा एक व्याजाने, एक हजार दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल मोडायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. दोन हजारांवर वर्षाला 240 कार्षापण येतात. लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी बारा. हिशेब चोख जुळतो. हा व्यवहार निगमसभेत वाचून दाखवला आणि दप्तरी नोंदवला, असेही लेख सांगतो. म्हणजे या पट्ट्यात तेव्हा विणकरांची संघटना होती, तिच्यावर राजाच्या जावयाचा विश्वास होता आणि व्याजाचे दर चारचौघांत ठरलेले होते. लेखातले गोवर्धन म्हणजे गंगापूरशेजारचेच हे गाव, अशी ओळख अभ्यासकांनी पूर्वीच पटवली आहे. 1883 च्या नाशिक गॅझेटियरमध्ये तर ‘गोवर्धन-गंगापूर’ अशी जोडनोंदच आहे.

आता याच रस्त्यावरच्या एखाद्या फ्लॅटमध्ये बसलेली आठवीतली मुलगी डोळ्यांसमोर आणावी. तिच्या हातातल्या मोबाइलवर काय नाही? गुगलने 2011 साली सतरा संग्रहालयांना घेऊन कलादालनांचा ऑनलाइन प्रकल्प सुरू केला, तेव्हापासून जगातली चित्रे घरी यायला लागली. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने 2017 मध्ये पावणेचार लाख छायाचित्रे कुणालाही फुकट वापरायला खुली केली. ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने रेम्ब्रांटच्या ‘नाइट वॉच’चे 717 अब्ज पिक्सेलचे छायाचित्र 2022 मध्ये सर्वांसमोर ठेवले. त्यात रंगाला पडलेली केसाएवढी चीरही दिसते. प्रत्यक्ष चित्रासमोर दोरीपलीकडे उभ्या राहिलेल्या माणसाला ती दिसणार नाही. ही थोर सोय आहे. ‘पडद्यावर पाहणे म्हणजे खरे पाहणे नव्हे’ असे म्हणून तिला नाक मुरडणाऱ्यांनी एवढेच आठवावे, की ॲम्स्टरडॅमचे तिकीट काढणे या शहरातल्या बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेर आहे.

खंत निराळीच आहे. या मुलीला सात हजार किलोमीटरवरचे चित्र मराठीतून विचारले तरी सापडते. तिच्या घरापासून काही किलोमीटरवर असलेल्या गोवर्धनच्या विणकरांचा लेख तिच्या भाषेत, फोटोसकट, पत्त्यासकट, सहज सापडत नाही.

असाच आणखी एक ठेवा आहे. गोदावरी आणि दारणेच्या संगमावर जोगलटेंभी नावाचे गाव आहे. तिथे 1906 साली चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. नाणी 13,250 च्या आसपास, सगळी नहपानाची. त्यांतल्या सव्वानऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. नाशिकच्या भूमीवर सत्ता बदलली, त्याचा एवढा ढळढळीत पुरावा दुसरा नाही. पांडवलेण्यांतल्या तिसऱ्या लेण्यात सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिने लेकाच्या या पराक्रमाची प्रशस्ती कोरवून ठेवली आहेच. नाणी मात्र बोलतात ती हातोडीच्या घावाने.

यातले एक नाणे पडद्यावर मोठे करून पाहावे. एका बाजूला राजाचा चेहरा, कडेने ग्रीक अक्षरे. दुसरीकडे बाण आणि वज्र, भोवती ब्राह्मी आणि खरोष्ठी. या सगळ्यावर तीन कमानींचा डोंगर आणि खाली नागमोडी रेघ असा सातवाहनांचा ठसा. कधी तो नहपानाच्या गालावरच बसलेला असतो, कधी नाकावर. ही बारीक नजर पडद्याने दिली. पण तेच नाणे काचेच्या पेटीत समोर आले की माणूस चकित होतो, कारण ते आपल्या रुपयाच्या नाण्याहून लहान आहे, वजनाला दोन ग्रॅमच्या आसपास. एवढ्याशा चांदीवर तीन लिप्या आणि दोन राजे! पडद्यावर आकाराचा अंदाज येत नाही आणि पेटीत बारकावा दिसत नाही. म्हणून दोन्ही पाहायचे, आणि शक्यतो आधी पडद्यावर, म्हणजे पेटीपुढे उभे राहिल्यावर काय शोधायचे ते ठाऊक असते.

चित्रांचेही तेच. नाशिकचे शिवाजी तुपे यांनी गोदाकाठ जलरंगांत पुन्हा पुन्हा रंगवला. जलरंगात पाणी सुकताना रंग कागदाच्या दाण्यांत कसा साचतो, ते मोबाइलवर कळत नाही. त्यासाठी कागदापुढेच जावे लागते. विद्याविकास सर्कलजवळच्या कुसुमाग्रज स्मारकात चित्रप्रदर्शने भरतात. तिथे पंधरा मिनिटे काढली तरी हा फरक मुलांच्या लक्षात येतो.

लांबचे जवळ आणण्याची धडपड काही इंटरनेटने सुरू केलेली नाही. 1872 पासून पुढे तेरा वर्षे मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्यात भित्तिचित्रांच्या नकला करत होते. सुमारे तीनशे नकला झाल्या. लंडनला पाठवलेल्यांपैकी शंभराहून अधिक 1885 च्या आगीत नष्ट झाल्या. उरलेल्या तिथल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत आणि आज त्यांची छायाचित्रे घरबसल्या पाहता येतात. लेण्यातला रंग तेव्हापासून आणखी पुसट झाला. त्यामुळे काही ठिकाणी मुंबईच्या त्या विद्यार्थ्यांच्या हातची नकलच मूळ चित्र समजून घ्यायला उपयोगी पडते. मुळाची नीट केलेली नोंद कधी मुळापेक्षा जास्त टिकते, म्हणून ती करायची असते.

या कामात मागे राहावे असे नाशिक हे शहर नाही. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरात जन्मले, 1944 मध्ये नाशिकलाच निवर्तले. त्यांच्या कन्या मंदाकिनी यांनी बाळकृष्ण साकारलेला ‘कालिया मर्दन’ हा चित्रपट 1919 चा, याच शहरात घडलेला. तो आज मोबाइलवर पाहता येतो.

आणि संग्रह म्हणाल तर भरपूर आहेत. त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला भारतीय नाणकशास्त्र संशोधन संस्था 1980 पासून उभी आहे. परमेश्वरीलाल गुप्तांसारख्या नाणेतज्ज्ञाने ती उभारली, तिथे नाण्यांचे संग्रहालयही आहे. सार्वजनिक वाचनालय 1840 चे, पोथ्या आणि जुन्या वस्तूंचा साठा राखून असलेले. सिन्नरला गारगोटी संग्रहालयात दख्खनच्या काळ्या बेसॉल्टच्या पोटातून निघालेले झिओलाइटचे स्फटिक आहेत. खुद्द गंगापूर रोडवर मराठा विद्या प्रसारक समाजाने उदाजी महाराजांच्या नावाने शिक्षणवारशाचे संग्रहालय केले आहे. राजर्षी शाहू महाराजांनी 1920 साली नाशिकला येऊन ज्या उदाजी मराठा वसतिगृहाची कोनशिला बसवली, त्याची आठवण या नावात आहे. खेड्यातले पोर शहरात राहून शिकावे म्हणून झालेली ती खटपट, आज त्याच रस्त्यावरच्या कोचिंग क्लासला जाणाऱ्या मुलांनी एकदा तरी पाहायला हवी.

हे सारे एका ठिकाणी, मराठीत, वस्तूगणिक नोंदले गेले पाहिजे. प्रत्येक वस्तूचा फोटो, माप, वजन, कुठे सापडली ते गाव आणि आज ती कुठे पाहता येईल तो पत्ता. हे अशक्य नाही. देशातल्या मोठ्या संग्रहालयांच्या डिजिटल नोंदींसाठी वापरली जाणारी ‘जतन’ ही प्रणाली पुण्याच्या सी-डॅकनेच बनवली. लेखांचे मराठी वाचनही तयार आहे. वा. वि. मिराशींचा सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रपांच्या कोरीव लेखांवरचा ग्रंथ राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळाने 1979 मध्येच काढला. विद्वानांनी आपले काम केव्हाच करून ठेवले आहे. ते मुलांच्या हातापर्यंत नेणे राहिले आहे, आणि ते महापालिका, महाविद्यालये आणि या संस्थांनी मिळून दोन-तीन वर्षांत करण्याजोगे आहे. इतिहासाच्या आणि संगणकाच्या विद्यार्थ्यांना प्रकल्पाचे विषय हवेच असतात. त्यांना इथूनच द्यावेत.

गोवर्धनच्या शिवारात पर्यटन महामंडळाच्या कलाग्रामची कल्पना निघाली, काम वर्षानुवर्षे रखडत गेले. कारागिरांना हक्काची जागा देणाऱ्या त्या वास्तूत उषवदाताच्या लेखाची मोठी प्रतिकृती हवी. वर ब्राह्मी, खाली मराठी. येवल्याची पैठणी विकायला बसलेल्या विणकराच्या पाठीशी गोवर्धनच्याच जुन्या विणकरांची ठेवपावती असेल, तर यापेक्षा नेमकी जागा तिला कुठे मिळणार? सिंहस्थासाठी लाखो माणसे या शहरात येतात. त्यांनाही ते वाचता येईल.

शाळांनी मात्र कुणाची वाट पाहू नये. वॉटर पार्कच्या सहलीआधी एक सकाळ पांडवलेण्यांना द्यावी. आदल्या दिवशी वर्गात फळ्यावर ब्राह्मीची चारच अक्षरे काढावीत. घराच्या उतरत्या छपरासारखा ग, गोल पोटावर उभी दांडी असलेला व, ताणलेल्या धनुष्यासारखा ध, उलट्या टीसारखा न. मग पायऱ्या चढून दहाव्या लेण्याच्या ओसरीत मुलांना उभे करावे, भिंतीला हात न लावता नुसत्या नजरेने शोधायला सांगावे. ओळींमागून ओळी, झिजलेली अक्षरे, मध्येच एक छप्पर दिसते, त्याच्या पुढे गोल पोट. ‘गोवधन’ असे कुणीतरी मोठ्याने वाचते, आणि गोवर्धनहून रोज शाळेला येणारे पोर गर्दीतून पुढे सरकते.