आठ रात्री, दोन देश

मेअखेरीस इटली आणि ग्रीस पाहण्याचा बेत चिरंजीवांनी मांडला, तेव्हा आठ रात्रींत सहा शहरे होती. सौभाग्यवतींनी एकच विचारले, "माझ्या चौविहाराचे काय?"

त्या सुमारास रोम व अथेन्स येथे सूर्यास्त साडेआठनंतर होतो, म्हणजे वेळ साधते. मात्र रोमची बरीच उपाहारगृहे साडेसातला उघडतात. दिवसभर गाडीत गेला की जेवण हुकणारच! म्हणून शहरे दोनच ठेवली आणि मुक्कामाला स्वयंपाकघर असलेले घर घेतले. पार्मेझान चीज वासराच्या जठरातील रेनेटने गोठवतात, ते वर्ज्यच. ग्रीसमध्ये 'निस्तीसिमो' म्हणजे ऑर्थोडॉक्स उपवासाचे अन्न. त्यात मांस, दूध, अंडी नसतात, पण कोळंबी, शिंपले चालतात. तेव्हा विचारूनच घ्यावे. कांदा-लसूण तर वेगळेच सांगावे लागते.

दोन्ही देशांना शेंगेनचा एकच व्हिसा पुरतो. अर्ज जेथे अधिक मुक्काम त्या देशाकडे. मुक्काम समान असल्यास प्रथम प्रवेशाच्या देशाकडे. आम्ही रोमला पाच रात्री ठेवल्या, म्हणून इटलीकडे. वैद्यकीय विमा किमान 30,000 युरोंचा हवा. आणि बँकेतली जुनी खोड म्हणून सांगतो, कार्डयंत्राने रुपये की युरो असे विचारल्यास युरोच निवडावे; रुपयांचा दर बहुधा महाग पडतो.

व्हेनिस गळाल्याने चिरंजीव किंचित रुसले आहेत. सौभाग्यवती मात्र खाकऱ्यांची पाकिटे मोजू लागल्या आहेत.